नववी रात्र

टेबलावर पांढरी चादर अंथरली होती, इस्त्रीच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या. तिच्यावर तळलेला अख्खा मासा, वर व्हिनेगरमध्ये मुरवलेले कांद्याचे आणि गाजराचे काप. बोकडाची करी. नारळाच्या दुधात राजमा घालून शिजवलेला भात. उकडलेली हिरवी केळी. एका पेल्यात पांढरी रम. मधोमध म्हातारीचा फोटो, डोक्यावर चर्चला जायची टोपी, ओठ घट्ट मिटलेले. खोलीत चाळीसएक माणसं होती, रात्रीचे अकरा वाजून गेले होते, आणि त्या टेबलाला कुणाचाही हात लागत नव्हता. आमच्या हातातल्या ताटल्या स्वयंपाकघरातून भरून येत होत्या. हे वाढलेलं पान तिचं होतं. बारा वाजता ती येणार, जेवणार आणि मग कायमची जाणार.

ही 2019 च्या ऑक्टोबरातली गोष्ट. लंडनच्या हार्ल्सडेन भागात आमचं घर आहे, आणि भिंतीला भिंत लागून तिचं. तिला चर्चमधले सगळे सिस्टर म्हणतात, म्हणून मीही सिस्टरच म्हणते. माझ्यापेक्षा सहासात वर्षांनी मोठी. तिची आई गेली त्याच्या नवव्या रात्री तिनं मला बोलावलं होतं. मला रीत माहीत नव्हती. काय आणू, विचारलं तर म्हणाली, "तू ये. गाणं येत नसेल तर टाळ्या वाजव."

जमैकात माणूस गेला की त्या घराचं नाव बदलतं. त्याला 'डेड यार्ड' म्हणतात, मेलेल्याचं अंगण. त्या रात्रीपासून लोक यायला लागतात. निरोप धाडावा लागत नाही. कॉफी, बिस्किटं, रम, डॉमिनोच्या सोंगट्या टेबलावर आपटल्याचा आवाज, आणि गाणी. एकानं ओळ सांगायची आणि बाकीच्यांनी ती लांबवून गायची. पुस्तक एकाकडेच असायचं आणि बाकीच्यांना अक्षरओळख नसायची, त्या काळापासून ही पद्धत चालत आली आहे. आपल्याकडे भजनात बुवा म्हणतो आणि मागचे उचलून धरतात, ते ज्यानं ऐकलंय त्याला हे परकं वाटणार नाही. मेलेल्याचा आत्मा, त्यांच्या भाषेत डपी, नऊ रात्री घराच्या आसपास असतो. नवव्या रात्री त्याला जेवू घालून वाटेला लावायचं. त्याच रात्री खोलीतलं सामान हलवायचं, पलंगाची जागा बदलायची, गादी भिंतीला उभी करायची, म्हणजे तो परत आला तरी त्याला आपली खोली ओळखू येऊ नये.

सिस्टरच्या घराची पुढची खोली मी इतकी वर्षं पाहत आले होते. काचेचं कपाट, क्रोशाच्या खळ घातलेल्या कडक जाळ्या, प्लॅस्टिकची फुलं, भिंतीवर येशूचं अखेरचं भोजन. वेस्ट इंडीजहून आलेल्या त्या पिढीच्या प्रत्येक घरात अशी एक खोली असायची, मुलांना आत खेळायला बंदी. आपल्या शोकेसवाल्या दिवाणखान्यासारखीच. त्या रात्री त्या खोलीतलं सगळं उलटंसुलटं होतं. सोफा खिडकीकडे पाठ करून, कपाट दुसऱ्या भिंतीला. मला आत पाऊल टाकल्यावर क्षणभर कळेना आपण कुणाच्या घरात आलोय. मग लक्षात आलं, हेच तर हवं आहे.

या रीतीची मुळं आफ्रिकेत आहेत. गुलाम करून आणलेली माणसं मेल्यावर आत्मा समुद्र ओलांडून आपल्या मुलखात परत जातो, असं मानत. मळ्यावर दिवसभर राबणाऱ्यांना आपलं माणूस रात्रीच पुरायला सवड मिळायची, आणि त्या रात्री ढोल वाजायचे, माणसं एकत्र जमायची. मळेवाल्यांना याचीच धास्ती. रात्रीच्या अशा जमावांवर बेटाबेटांवर कायदे करून बंधनं घातली गेली. तरी रीत टिकली. मला वाटतं, ती टिकली कारण तिच्यावाचून त्यांच्याकडे नात्याचा दुसरा दाखलाच नव्हता. कायद्यानं गुलाम बाईचं मूल तिच्या मालकाचं. आई एका मळ्यावर आणि लेक दुसऱ्या मळ्यावर विकली जाई, आणि कोण कुणाचं हे कुठल्या वहीत लिहिलं जात असेल तर ते गुरांच्या यादीशेजारी. जिवंतपणी ज्या माणसाला कुणाचं कुणी म्हणायला मुभा नव्हती, त्याला मेल्यावर तरी नऊ रात्री गोतावळा मिळायचा.

1838 ला पूर्ण मुक्ती मिळाली. ताटातूट मात्र संपली नाही, तिची कारणं बदलली. पोटासाठी माणसं पनामा कालवा खणायला गेली, क्यूबात ऊस तोडायला गेली, मग इंग्लंडला, कॅनडाला, अमेरिकेला. आणि लेकरं मागे आज्यांजवळ राहिली.

सिस्टर त्यांतलीच. तिची आई 1961 साली बोटीत बसली. पुढच्या वर्षी इंग्लंड नवा कायदा करून दार अर्धं लावून घेणार, अशी बातमी होती, म्हणून त्या वर्षी बेटांवरून माणसांची रीघ लागली होती. सिस्टर चार वर्षांची होती. आजीनं तिला सांगितलं, आई बाजारात गेलीय.

आजीच्या अंगणात ब्रेडफ्रूटचं झाड होतं. कोकणात आम्ही त्याला नीरफणस म्हणतो. ताहितीहून त्याची रोपं 1793 साली कॅप्टन ब्लायनं जमैकात आणली, गुलामांना स्वस्तात पोसता यावं म्हणून. त्याच झाडाखाली सिस्टरची नाळ पुरलेली. तिकडे मूल जन्मलं की नाळ पुरून वर झाड लावतात किंवा असलेलं झाड त्याच्या नावाचं करतात. हे तिनं सांगितलं तेव्हा मी कुंपणापलीकडून नुसती बघत राहिले. आमच्या बोलीत ज्या जागेशी आपलं नातं तुटता तुटत नाही तिथं नाळ पुरली आहे असं म्हणतात, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "मग तुला कळेल. आमची घरं तिथंच असतात. जिथं कमावतो तिथं नसतात."

पायरीवर बसून आजी तिच्या केसांचे पेड घालायची, दर रविवारी, चर्चच्या आधी. इंग्लंडहून पार्सलं यायची. फ्रॉक, साबण, बुटांचा जोड. पुढच्या पिढीत या पार्सलांची पिंपं झाली. परदेशातले आईबाप निळ्या पिंपात तांदूळ, तेल, डबाबंद मांस, वह्या, चपला कोंबून बोटीनं धाडतात, आणि ज्यांच्याकडे आईऐवजी पिंप येतं त्या मुलांना जमैकात 'बॅरल चिल्ड्रन' म्हणतात. क्लॉडेट क्रॉफर्ड-ब्राउन या वेस्ट इंडीज विद्यापीठातल्या बाईंनी हा शब्द रूढ केला. त्या मुलांना अंगाला कपडा मिळतो, आणि तक्रारीची सोय उरत नाही. कुणी म्हणालं आई कुठाय, तर गावच सांगतं, अरे, केवढं पाठवते ती तुला!

आणि आईचं तरी काय चुकलं म्हणायचं? कॅनडानं 1955 साली घरकामासाठी बायकांना बोलवायची योजना काढली. अट अशी, की बाई अविवाहित हवी आणि तिला मूल नको. मूल असलेल्या बायकांनी मूल नाही म्हणून लिहून दिलं आणि गेल्या, आणि जाऊन त्याच मुलांसाठी पैसे पाठवत राहिल्या. काही वर्षांनी मुलांना बोलवायला अर्ज केला तेव्हा सत्य उघडं पडलं. जमैकाच्या अशा सात आयांना 1970 च्या दशकात देशाबाहेर काढायचा हुकूम निघाला. त्या लढल्या आणि 1979 मध्ये जिंकल्या. पण मी त्या कागदापाशी अडते. तुला मूल आहे का, या प्रश्नापुढे 'नाही' लिहिणारी बाई. त्या दोन अक्षरांचा सल आई आणि लेकरू दोघांच्याही पोटात राहिला असणार, आणि दोघांनीही त्याचा उच्चार केला नसणार.

सिस्टरला आईनं बोलावून घेतलं 1970 मध्ये. तेव्हा ती तेरा वर्षांची होती. विमानतळावर एक बाई कोट घेऊन उभी होती. आजीनं दिलेल्या फोटोवरून तिनं ओळखलं, ही आई. आईनं तिला कोट घातला. कोट लहान झाला, बाह्या मनगटाच्या वर चार बोटं. दुकानात उभं राहून आईनं अंदाज केला होता, आणि अंदाजातली मुलगी नऊदहा वर्षांपलीकडे वाढलीच नव्हती. सिस्टर सांगते, "मी बसमध्ये सगळा वेळ हात मांडीखाली घेऊन बसले. तिला दिसू नये म्हणून." घरी तीन सावत्र भावंडं होती, इथं जन्मलेली, आईला मम्मी म्हणणारी. सिस्टरच्या तोंडून तो शब्द कधी निघाला नाही. मामा म्हणजे आजी. आणि ती मामा चार वर्षांनी तिकडेच वारली तेव्हा तिकिटाचे पैसे नव्हते. तिच्या नऊ रात्री सिस्टरनं लंडनमध्ये एका खोलीत, कुणाला न सांगता, मनातल्या मनात मोजल्या.

जगाच्या वाचकांना ठाऊक असलेलं असं एक उदाहरण त्रिनिदादमध्ये आहे, आणि ते भारतीयच घरातलं. 1845 पासून उसाच्या मळ्यांवर आपली माणसं करारावर नेली गेली, त्यांच्या वंशातले व्ही. एस. नायपॉल. ते इंग्लंडमध्ये असताना 1953 च्या ऑक्टोबरात वडील सीपरसाद वारले. मुलगा घरी गेला नाही. वडील स्वतः लिहिणारे होते, आपल्या कथांना लंडनमध्ये कुणी छापणारा मिळतो का पाहा, अशी मुलाकडे त्यांची आस होती. ते त्यांच्या हयातीत झालं नाही. 1961 मध्ये मुलानं एका कादंबरीत वडिलांवरून मिस्टर बिस्वास उभे केले आणि ते पुस्तक जगानं वाचलं. वडिलांच्या कथा लंडनमध्ये पुस्तकरूपानं आल्या 1976 साली, वडील जाऊन तेवीस वर्षं झाल्यावर. ती कादंबरी मी तीनदा वाचली आहे. दर वेळी शेवटी मला मुलानं बापाकडे मागितलेली माफी ऐकू येते. कुणी म्हणेल, हा वाचणाऱ्याच्या मनाचा खेळ. असेल.

तर ती रात्र.

सिस्टरची आई शेवटची सहा वर्षं तिच्याजवळच होती. इथं जन्मलेली तिघं फोन करायची, कार्ड पाठवायची. दर रविवारी सिस्टर आईला मागच्या दाराच्या पायरीवर उन्हात बसवून तिचे पांढरे केस विंचरायची आणि बारीक पेड घालायची. मी कपडे वाळत घालताना पाहत असे. दोघी बोलत नसत. मी एकदा तिला विचारलं होतं, तू कधी विचारलं नाहीस का आईला, मला टाकून कशी गेलीस म्हणून? ती म्हणाली, "आमच्यात मोठ्यांना असं विचारत नाहीत." थोड्या वेळानं म्हणाली, "आणि तिनं उत्तर दिलं असतं तर?"

बारा वाजायला आले तसं गाणं चढत गेलं. रमचे पहिले चार थेंब जमिनीवर, मग पेला हातोहात. एक म्हातारी, नात्यानं मावशी लागणारी, टेबलापाशी उभी राहून फोटोशी बोलायला लागली. आता तुझं इथलं झालं. पोरं मोठी झाली. जा, मागे वळून पाहू नको. मग तिनं सांगितलं, थोरलीनं दार उघडायचं.

सिस्टर पुढच्या दाराशी गेली. कडीला हात घातला आणि तशीच उभी राहिली. गाणं चालूच होतं. मी तिच्या मागे चार पावलांवर होते, मला तिचा हात दिसत होता, पितळी कडीवर, बोटांची पेरं पांढरी पडलेली. एक कडवं संपलं, दुसरं सुरू झालं. तिनं दार उघडलं नाही. माणसांच्या लक्षात यायला लागलं, आवाज विरळ झाला. मावशी पुढे आली, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि अगदी हळू म्हणाली, "जाऊ दे तिला, पोरी."

तेव्हा तिनं दार उघडलं. बाहेर पाऊस पडत होता. थंड वारा आत आला, चादरीचं टोक हललं, आणि सगळ्यांनी एकदम टाळ्या वाजवल्या.

पहाटे भांडी धुताना ती मला म्हणाली, "नऊ रात्री त्यांना पुरतात ज्यांना आई मिळाली होती. मला तिची जरा ओळख व्हायला लागली होती."

तिकडची आणि इकडची, मृत्यूनंतरची सगळी रीत मला आजवर एकच गोष्ट शिकवत आली होती, की मेलेल्याला अडकवू नये. त्याची वासना राहू नये, त्याचा पाय मागे ओढू नये. त्या कडीवरचा हात पाहिल्यावर कळलं, की वासना जिवंत माणसाचीही राहते. मेलेल्याला मोकळं करायला इतकी गाणी आहेत, इतका स्वयंपाक आहे, इतकी माणसं रात्रभर जागतात. ज्याचं बोलणं अर्धं राहिलं त्याच्यासाठी एकही रात्र नेमलेली नाही.

दफन तीन आठवड्यांनी झालं. खड्डा बुजवण्याचं काम त्यांच्यात परक्यावर सोडत नाहीत. मुलं, नातू, पुतणे, सगळ्यांनी कोट काढून ठेवले आणि आळीपाळीनं फावडी घेतली, बायका कडेला उभ्या राहून गात राहिल्या, शेवटची ढेकळं थापटून होईपर्यंत. ओल्या लंडनी मातीनं बूट घोट्यापर्यंत माखले. छापील पुस्तिकेत आईचं चरित्र होतं, खाली मुलांची नावं. चौघांत सिस्टरचं नाव शेवटी. ती सगळ्यांत मोठी. तिनं ती पुस्तिका बायबलमध्ये घातली आणि फावडं मागून घेतलं. बायका सहसा घेत नाहीत. कुणी अडवलं नाही.

माझंही सांगायला हवं, कारण तिच्याकडे मी परकी म्हणून बसले नव्हते. संगमेश्वर तालुक्यात आमचं घर आहे. वडील गेल्यावर भावानं हक्कसोडपत्र पाठवलं, मी सही केली नाही. मला जमीन नको होती. त्यानं फोन करून मागितलं असतं तर मी दिलं असतं, आणि त्यानं पोस्टानं कागद पाठवला, सोबत एक ओळ नाही. सात वर्षं आम्ही बोललो नाही. 2021 च्या मे महिन्यात कोरोनानं तो गेला. नेहमीची विमानं बंद होती. ती सुरू असती तरी मी गेले असते का, हे मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

सिस्टरनं रात्री मोजल्या. नवव्या दिवशी तिनं कुंपणावरून विचारलं, "त्याला काय आवडायचं?" मी तोंड उघडलं आणि मला उत्तर येईना. पन्नाशीतल्या माझ्या भावाला काय आवडायचं मला माहीत नव्हतं. माहीत होतं ते पंधरा वर्षांच्या मुलाचं. तांदळाची भाकरी, सुकट, वर कच्चं खोबरेल. सिस्टरच्या आईनं आणलेला तो तोकडा कोट मला आठवला. तेच वाढलं. तिच्या मागच्या अंगणात, कारण तेव्हा घरात जमायला बंदी होती. टेबलावर तीच पांढरी चादर. आम्ही दोघी, आणि चर्चमधल्या तीन बायका, ज्यांनी माझ्या भावाला कधी पाहिलं नव्हतं, त्या त्याच्यासाठी गायल्या. आमच्याकडे बारा वाजले तेव्हा गावी दहाव्याची पहाट होती, साडेचारची.

काही तासांनी भाच्याचा फोन आला. नदीवर चारच माणसं होती म्हणाला. "आत्या, कावळा लगेच शिवला. पान ठेवून मागे फिरलो तेवढ्यात."

सगळ्यांना हायसं वाटलं होतं, त्याच्या आवाजात ते कळत होतं. मी बरं झालं म्हटलं आणि फोन ठेवला. आणि मग मला रडू आलं, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. तासभर तरी थांबायला हवं होतं त्यानं. कुणीतरी हात जोडून म्हणायला हवं होतं, बहिणीचं आम्ही बघू, तिच्याशी आम्ही बोलू. तेव्हा कुठे कावळा यायला हवा होता. त्याचं माझ्यात काहीच अडकलं नव्हतं का?

सिस्टरला सांगितलं. तिनं समजूत घातली नाही. पायरीवर शेजारी जागा करून दिली, आणि आम्ही दोघी बराच वेळ तिथं बसून राहिलो.

भाच्यानं अजून वारसनोंद केलेली नाही, मीही त्या कागदावर सही केलेली नाही. सातबाऱ्यावर आजही आम्हा दोघांची नावं शेजारी शेजारी आहेत.